रिसेप्शन ते रजिस्टर: इंग्लंडमध्ये कुत्र्या-मांजरांची नर्स होताना

जुलै २०२५ मध्ये माझं नाव रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सच्या (शिकवणारं कॉलेज नव्हे, तर व्हेट म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर आणि त्यांच्या नर्स ह्यांची नोंदणी ठेवणारी संस्था) नर्सेसच्या रजिस्टरवर आलं आणि तेव्हापासून इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणी, डिपेंडंट व्हिसावर नुकत्याच आलेल्या मुली, पुण्यातली मामेबहीण, सगळ्यांचं विचारणं सुरू आहे की हे नक्की काय असतं, कसं केलंस, किती पैसे लागले, मला जमेल का. दर वेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट बसून सगळं लिहून काढते. मी शोधत होते तेव्हा मराठीत तर सोडाच, इंग्रजीतसुद्धा आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाने लिहिलेलं मला फारसं सापडलं नव्हतं.

आधी काम काय ते. व्हेट नर्स म्हणजे फक्त कुत्र्याला धरून ठेवणारी बाई नाही. रक्त काढणं, सलाईनची कॅन्युला, म्हणजे शिरेतली बारीक नळी, लावणं, भूल दिलेल्या प्राण्यावर लक्ष ठेवणं, एक्स-रे काढणं, लॅबमध्ये रक्त-लघवी तपासणं, औषधं मोजून लेबल लावून देणं, ॲडमिट प्राण्याला भरवणं, फिरवणं, जखमेचं ड्रेसिंग, छोटे टाके, हे सगळं नर्स करते. १९६६ च्या व्हेटर्नरी सर्जन्स ॲक्टचं शेड्यूल ३ म्हणून एक कलम आहे, त्यात रजिस्टर्ड नर्सला व्हेटच्या सांगण्यावरून औषधोपचार आणि बारीकसारीक सर्जरी करता येते, मात्र पोट किंवा छाती उघडायची सर्जरी नाही. विद्यार्थी नर्सलाही ह्यातलं बरंच करता येतं, पण देखरेखीखाली, आणि रॉयल कॉलेजकडे विद्यार्थी म्हणून नोंद झाल्यावरच. इथे हे शिक्षण १९६१ पासून चालू आहे, म्हणजे व्यवसाय चांगला रुळलेला आहे. कोर्सला दोन फाटे असतात, एक घोड्यांचा आणि एक कंपॅनियन ॲनिमल्सचा, म्हणजे कुत्री, मांजरं, ससे, गिनीपिग आणि घरात पाळतात ते बाकीचे. मी दुसरा केला, लेव्हल ३ म्हणजे साधारण बारावीच्या तोडीचा डिप्लोमा, ॲप्रेंटिसशिपच्या मार्गाने, म्हणजे पगारी नोकरी करत शिकायचं.

मी मूळची साताऱ्याकडची, शिक्षण बी.कॉम., पुण्यात काही वर्षं अकाउंट्सचं काम केलं. आमच्याकडे दवाखाना म्हणजे गुरांचा, आणि कुत्रं अंगणात. २०१९ च्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडला आलो, लेक तेव्हा तीन वर्षांची. मग लॉकडाऊन. त्या काळात इथे घरोघरी नवीन कुत्र्याची पिल्लं आली आणि दवाखान्यांना माणसं पुरेनात, त्यातच २०२१ च्या सुरुवातीला आमच्या गावातल्या छोट्या व्हेट प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या दवाखान्यात, मला अर्धवेळ रिसेप्शनिस्टचं काम मिळालं. फोन घ्यायचे, अपॉइंटमेंट द्यायच्या, बिलं करायची. पण डेस्कच्या मागचं दार सतत उघडं असायचं आणि माझं लक्ष आतच. विशेषतः एक सीनियर नर्स होती, ती घाबरलेल्या मांजराला पिंजऱ्यातून ओढून न काढता पिंजऱ्याचं वरचं झाकणच स्क्रू काढून उचलायची आणि आतल्या टॉवेलसकट मांजर तपासायला द्यायची. ते बघताना मला वाटलं की हे मला शिकायचंय. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, बी.कॉम. करून आता कुत्र्यांची उष्टी काढणार का?" तिची काळजी मी समजू शकत होते, तिने व्हेट नर्स हा प्रकार कधी बघितलाच नव्हता.

आता कागदपत्रं, कारण इथेच बहुतेक जणी अडकतात. कोर्सला दहावीच्या तोडीचे पाच विषय पास लागतात, त्यात इंग्रजी, गणित आणि विज्ञान हवंच. आपल्या एसएससीचं काय, तर यूके एनिक नावाची संस्था आहे, पूर्वी तिला नॅरिक म्हणायचे, त्यांच्याकडून परदेशी शिक्षणाची तुलना करणारं पत्र घ्यावं लागतं. मार्कशीट स्कॅन करून ऑनलाइन अर्ज, फी तेव्हा साधारण साठ पौंडांच्या घरात. माझं पत्र लवकर आलं पण जुनी दहावीची मार्कशीट साताऱ्याहून मागवण्यात जास्त वेळ गेला, तेव्हा भारतातून येतानाच दहावी, बारावी आणि पदवीच्या मार्कशीट आणि सर्टिफिकेट मूळ प्रतीत घेऊन या, "बी.कॉम. आहे ना मग दहावी कोण विचारतंय" असं वाटतं पण इथे दहावीच विचारतात. गणित आणि विज्ञान त्या पत्रावर चाललं, इंग्रजीसाठी मात्र कॉलेजने फंक्शनल स्किल्स लेव्हल २ ची, म्हणजे व्यवहारातल्या इंग्रजीची दहावीच्या तोडीची, परीक्षा द्यायला लावली. इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांना तो कोर्स फुकट असतो, संध्याकाळचे क्लास असतात. २०२१ च्या हिवाळ्यात मी ते उरकलं.

दुसरी अट राहण्याची. ॲप्रेंटिसशिपचा खर्च सरकारी निधीतून आणि मालकाकडून जातो, विद्यार्थ्याला फी पडत नाही, पण त्यासाठी सुरू करायच्या आधीची सलग तीन वर्षं तुम्ही इथे राहत असायला हवं आणि काम करायची परवानगी हवी. माझी तीन वर्षं २०२२ च्या उन्हाळ्यात भरली, म्हणून सप्टेंबर २०२२ ची बॅच. ज्यांची भरली नाहीत त्यांनी तोवर रिसेप्शन किंवा ॲनिमल केअर असिस्टंटचं काम धरावं, एनिक आणि इंग्रजीचं उरकून ठेवावं, म्हणजे मधला वेळ वाया जात नाही. नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीचे निधीचे नियम कॉलेजकडून लेखी मागून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: कॉलेजची जागा मिळणं अवघड नाही, प्रॅक्टिस मिळणं अवघड आहे. कॉलेज पहिला प्रश्न हाच विचारतं की तुमची ट्रेनिंग प्रॅक्टिस कुठली. कुठलाही दवाखाना चालत नाही, तो मान्यताप्राप्त ट्रेनिंग प्रॅक्टिस असावा लागतो आणि तिथे क्लिनिकल कोच असावा लागतो, म्हणजे अशी रजिस्टर्ड नर्स किंवा व्हेट जी तुमच्यावर देखरेख करेल आणि तुमचं एकेक कौशल्य तपासून सही करेल. माझी रिसेप्शनची प्रॅक्टिस मान्यताप्राप्त नव्हती. मग मी रॉयल कॉलेजच्या वेबसाइटवर प्रॅक्टिस शोधायचं पान उघडून तासाभराच्या अंतरातल्या सगळ्या ट्रेनिंग प्रॅक्टिसची यादी केली आणि एकेकीला पत्र पाठवायला लागले. बहुतेकांकडून उत्तर नाही, काहींचं उत्तर, आमच्याकडे आधीच विद्यार्थी आहेत. ते महिने फार जड गेले, कारण काम येतंय, कागद पूर्ण आहेत, आणि तरी दार उघडत नाही. शेवटी ज्या प्रॅक्टिसने घेतलं तिथे मी ईमेल न करता स्वतः जाऊन हेड नर्सला भेटले होते, आणि दोन शनिवार फुकट काम बघायला येऊ का असं विचारलं होतं. तेव्हा माझा सल्ला हाच की आधी प्रॅक्टिस, मग कॉलेज, आणि प्रॅक्टिससाठी प्रत्यक्ष जा. मुलाखतीत तीन गोष्टी विचाराच: कोच किती आहेत, सध्या विद्यार्थी किती आहेत, आणि लॉग (शिकलेल्या कौशल्यांची नोंदवही) भरायला कोचबरोबर आठवड्यात ठरलेला वेळ मिळतो का. हे विचारलं की माणसं तुम्हाला आगाऊ समजत नाहीत, उलट गंभीर समजतात.

पगाराचं स्पष्ट लिहिते. ॲप्रेंटिसला पहिल्या वर्षी वय कितीही असो ॲप्रेंटिसचा किमान दर देता येतो, तो एप्रिल २०२२ पासून तासाला ४.८१ पौंड होता, एप्रिल २०२३ ला ५.२८ झाला. पहिलं वर्ष संपलं की मग वयाप्रमाणे किमान वेतन द्यावंच लागतं, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून मला १०.४२. म्हणजे पहिल्या वर्षी मी रिसेप्शनवर मिळायचे त्याच्या निम्म्यात काम केलं आणि लेकीच्या आफ्टर-स्कूल क्लबचे पैसे जाऊन हातात फार काही उरत नव्हतं. नवऱ्याचा पगार होता म्हणून निभावलं, हे लपवण्यात अर्थ नाही. एकट्या बाईने हा मार्ग धरायचा तर पहिल्या वर्षाची बेगमी आधी हवी. काही प्रॅक्टिस किमानपेक्षा जास्त देतात, तेही विचारावं. बाकी खर्च किरकोळ, स्टेथोस्कोप, न घसरणारे बूट, छातीला अडकवायचं सेकंदकाट्याचं घड्याळ आणि सेकंडहँड टेक्स्टबुक. मनगटी घड्याळ चालत नाही, कोपराच्या खाली काहीच नको, बांगड्या, अंगठी सगळं काढायचं, मंगळसूत्रही मी लॉकरमध्ये ठेवायचे कारण घाबरलेल्या कुत्र्याचा पंजा त्यात अडकायला क्षण पुरतो. गणवेश प्रॅक्टिस देते, विद्यार्थ्यांचा सहसा हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा आणि रजिस्टर्ड नर्सचा गडद हिरवा.

आठवड्यातून एक दिवस कॉलेज, बाकी दिवस प्रॅक्टिस. वर्गातल्या बहुतेक मुली अठरा-वीसच्या, पण तिशी-चाळिशीच्याही होत्या, आणि आम्ही एकमेकींना धरून राहिलो. विषय भरपूर, शरीररचना, आजारपणातली शुश्रूषा, सर्जरी, भूल, एक्स-रे, लॅब, औषधशास्त्र, संसर्ग, कायदा. औषधांचे वर्ग पाठ करावे लागतात, पीओएम-व्ही म्हणजे फक्त व्हेटने तपासून लिहून द्यायचं, मग पीओएम-व्हीपीएस, एनएफए-व्हीपीएस, एव्हीएम-जीएसएल, असे क्रमाने सैल नियमांचे. केटामिन, मेथाडोनसारखी औषधं कुलपात, वेगळ्या रजिस्टरमध्ये थेंबाथेंबाचा हिशेब. इथे माझं अकाउंट्स उपयोगी पडलं. गणिताची भीती वाटणाऱ्यांना सांगते, ही गणितं शाळेतल्यापेक्षा सोपी आहेत, फक्त रोज करायला हवीत. बारा किलोचा बीगल कुत्रा आहे, त्याला दिवसाला किलोमागे ५० मिली सलाईन, म्हणजे ६०० मिली, तासाला २५ मिली. सेटमधून एका मिलीचे २० थेंब पडतात, म्हणजे तासाला ५०० थेंब, साधारण सात सेकंदांना एक. मग घड्याळ धरून ड्रिपच्या चेंबरकडे बघत बसायचं आणि चाक फिरवून थेंब जुळवायचा. त्याच बीगलला पडून राहिल्यावर रोज किती ऊर्जा लागेल, तर वजन गुणिले ३० अधिक ७०, ४३० किलोकॅलरी. मी अशी गणितं बसमध्ये वहीवर करायचे. मशीन आहेत, पंप आहेत, पण पंप बंद पडला की हेच कामाला येतं.

प्रॅक्टिसमध्ये किमान १८०० तास भरावे लागतात आणि ऑनलाइन लॉगमध्ये एकेका कौशल्याची नोंद. नुसतं "कॅन्युला लावली" चालत नाही, कुठला प्राणी, किती वजन, कुठली शीर, कुठल्या मापाची कॅन्युला आणि ती का, कशी बांधली, नंतर काय तपासलं, सगळं. मग कोच प्रत्यक्ष बघते आणि सही करते. एक सवय मला फार उपयोगी पडली, खिशात छोटी वही ठेवायची आणि केस झाल्या झाल्या जिन्यात उभं राहून चार ओळी लिहून टाकायच्या, मालकाचं नाव न लिहिता. रात्री लेक झोपल्यावर त्या चार ओळींवरून पूर्ण नोंद करता यायची. जी मंडळी रविवारी आठवून लिहायची त्यांचं पार कंबरडं मोडायचं.

मला सगळ्यात आवडलेलं काम भूल सांभाळण्याचं, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नर्स म्हणजे काय ते मला तिथे कळलं. जानेवारी २०२३ मध्ये कोच शेजारी उभी असताना मी पहिल्यांदा एका मांजरीच्या नसबंदीची भूल सांभाळली. तीन किलोची काळी-पांढरी मांजर. इथे मांजरीची नसबंदी बहुतेक वेळा डाव्या कुशीतून करतात, म्हणून ती उजव्या कुशीवर झोपलेली. पायांना बबल रॅप, खाली गरम हवेचं पांघरूण, कारण एवढासा जीव भूल दिल्यावर झपाट्याने गार पडतो. व्हेटचं लक्ष जखमेत, माझं बाकी सगळ्या मांजरीत. दर पाच मिनिटांनी कागदावर आकडे: नाडी, श्वास, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, तापमान, गॅस किती टक्के. पण कोचने मॉनिटरकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाली की आधी मांजर बघ. जबडा किती सैल आहे, पापणीच्या कोपऱ्याला हलकं बोट लावलं तर पापणी हलते का, बुबुळ कुठे आहे. भूल नीट लागली की बुबुळ खाली-आत वळतं, आणि समोर मधोमध आलं तर भूल एक तर उतरतेय नाहीतर फार खोल गेलीय, कुठलं ते बाकीच्या खुणांवरून ठरवायचं. मध्येच श्वास मंदावले आणि कार्बन डायऑक्साइड चढायला लागला, पस्तीस ते पंचेचाळीसमध्ये हवा तो पन्नाशीच्या पुढे. मी व्हेटला आकडा सांगितला, त्याने होकार दिला, भुलीचा गॅस थोडा कमी केला आणि मशीनला जोडलेली श्वासाची पिशवी हळूच दाबून मी तिला श्वास द्यायला लागले, छाती एवढीशी वर यायची, सोडली की खाली. काही मिनिटांत आकडा चव्वेचाळीसवर आला. माझ्या हातातल्या पिशवीवर एक जीव श्वास घेत होता. घरी येऊन नवऱ्याला सांगताना मला धड बोलता येत नव्हतं.

आणि ऑपरेशन संपलं की काम संपत नाही. ब्रिटनमध्येच झालेला एक मोठा अभ्यास २००८ साली छापून आला होता, तो आम्हाला शिकवला. त्यात भुलीशी संबंधित मृत्यू कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के आढळले, आणि मांजरं-सशांमधले निम्म्याहून जास्त मृत्यू ऑपरेशननंतर, त्यातही बरेचसे पहिल्या तीन तासांत. म्हणजे टेबलावर सगळे जागरूक असतात तेव्हा नाही, तर पिंजऱ्यात ठेवून सगळे चहाला गेल्यावर. म्हणून जागं होईपर्यंत नर्सने तिथून हलायचं नाही. मांजराची घशातली नळी कान हलायला लागला की काढायची, घसा आवळू नये म्हणून, कुत्र्याची गिळायला लागल्यावर, आणि फ्रेंच बुलडॉगची तर अगदी शेवटपर्यंत ठेवायची, तो पोटावर बसून नळी चावायला लागेपर्यंत, कारण त्या चपट्या नाकाने मोकळा श्वास त्याला बहुतेक तेवढा वेळच मिळतो. सशाला ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवत नाहीत, त्याला उलटी होतच नाही आणि आतडं थांबलं की जीव जातो, म्हणून शुद्धीवर आल्या आल्या त्याच्या तोंडापुढे गवत आणि कोथिंबीर. कोथिंबीर मी घरून न्यायचे.

२०२४ चा वसंत ऋतू सगळ्यांचाच दमछाकीचा गेला. १ फेब्रुवारीपासून एक्सएल बुली कुत्री सरकारी सूट-प्रमाणपत्राशिवाय पाळायला बंदी आली, आणि वर्षापेक्षा मोठ्या कुत्र्यांच्या नसबंदीची मुदत ३० जून. चाळीस-पन्नास किलोची कुत्री एकामागून एक, त्यातली बरीचशी अतिशय प्रेमळ, आणि मालक कागद हातात घेऊन रडवेले. त्यात १० जूनपासून इंग्लंडमध्ये वीस आठवड्यांवरच्या प्रत्येक मांजराला मायक्रोचिप सक्तीची, नाहीतर पाचशे पौंडांपर्यंत दंड. तेव्हा इतकी मांजरं आली की चिप घालण्यात माझा हात पक्का बसला: आधी स्कॅन करायचं, चिप आधीच नाही ना बघायचं, खांद्यांच्या मधली कातडी उचलायची, घातल्यावर परत स्कॅन करून पंधरा आकडे फॉर्मशी जुळवायचे. सही मिळवायची तर अशी गर्दी वरदान असते.

त्याच उन्हाळ्यात एक गुजराती आजी त्यांचं मांजर घेऊन आल्या, ते सारखं आचके देत होतं, कान, तोंड, पाय सगळं थरथरतंय. इंग्रजी त्यांना जेमतेम, घाबरून तर काहीच सुचेना. मी हिंदीत विचारलं, "बा, कल इसको क्या लगाया था?" तेव्हा कळलं की शेजारणीने तिच्या कुत्र्याचं पिसवांचं औषध दिलं होतं, तेच मानेवर ओतलं होतं. त्यात परमेथ्रिन असतं, कुत्र्याला चालतं, मांजराला विष. व्हेटने झटके थांबवायचं औषध दिलं आणि मी कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने ते मांजर हळूहळू धुतलं, गरम पाणी नको कारण त्याने कातडीतून विष जास्त शोषलं जातं. दोन रात्री ॲडमिट, मग घरी गेलं. कृपा करून हे वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की कुत्र्याचं औषध मांजराला लावायचं नाही, पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, आणि घरात मांजर असेल तर लिलीची फुलं आणायची नाहीत, परागकणसुद्धा तिच्या किडनीला पुरतात.

शेवटच्या इंजेक्शनबद्दलही लिहायला हवं, बऱ्याच जणी त्याच भीतीने मागे फिरतात. आपल्याकडे घरचं जनावर म्हातारं झालं तर आपण शेवटपर्यंत सांभाळतो, सुईने मरण द्यायचं हे मला आधी पचत नव्हतं. पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या लॅब्रेडॉरच्या वेळी मी होते. नर्सचं काम पुढच्या पायाची शीर दाबून धरायचं आणि मालकाला आधीच सांगून ठेवायचं की डोळे मिटणार नाहीत, नंतर एखादा मोठा श्वास आल्यासारखं होईल, तो श्वास नसतो. ते सांगितलेलं असलं की माणसं दचकत नाहीत. मालक आजोबा त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होते. त्या कुत्र्याला त्या सकाळी उठून लघवीला जाता येत नव्हतं, त्याच्या वेदना मी आदल्या आठवड्यापासून लिहून ठेवत होते, आणि ते सगळं समोर असताना मला त्या इंजेक्शनचा अर्थ कळला. नंतर मी आत जाऊन रडले, कोच येऊन बसली, पंजाचा ठसा आम्ही दोघींनी मिळून घेतला. ह्या व्यवसायातल्या लोकांसाठी व्हेटलाइफ नावाची चोवीस तासांची हेल्पलाइन आहे, तिचा नंबर आमच्या स्टाफरूममध्ये लावलेला असतो आणि तो वापरण्यात काहीही कमीपणा नाही.

२०२४ च्या शरद ऋतूत माझी कोच नोकरी सोडून गेली आणि माझा लॉग जागीच थांबला. प्रॅक्टिसमध्ये दुसरी कोच होती पण तिच्याकडे आधीच विद्यार्थी. जवळजवळ चार महिने मी कामं करतेय, नोंदी करतेय, पण सही करायला माणूस नाही. कोणाला दोष देऊन उपयोग नव्हता, नर्सेसची टंचाईच आहे. मी कॉलेजच्या आयक्यूएला, म्हणजे लॉगची गुणवत्ता तपासणाऱ्या बाईंना, लेखी कळवलं, तारखांसकट, आणि मग त्यांनी प्रॅक्टिसशी बोलून आमच्याच एका व्हेटला कोचचं प्रशिक्षण दिलं. असं काही झालं तर गप्प बसून वाट बघू नका, दुसऱ्याच आठवड्यात कॉलेजला ईमेल करा. कोच बदलताना आधीच्या कोचने जायच्या आधी बाकी सगळ्या सह्या करून जाव्यात एवढं तरी पदरात पाडून घ्या.

लॉग पूर्ण झाल्याशिवाय ओस्कीला बसता येत नाही. ओस्की म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, एकापाठोपाठ एक टेबलं, प्रत्येकावर काही मिनिटं, दारावर सूचना लिहिलेली, घंटा वाजली की आत, घंटा वाजली की बाहेर. परीक्षक बोलत नाही, तो फक्त यादीवर खुणा करतो. भुलीचं सर्किट, म्हणजे मशीनच्या नळ्या, जोडून गळती तपासा, निर्जंतुक गाऊन-ग्लोव्ह्ज घाला, पायाला बँडेज बांधा, रक्ताची काचपट्टी तयार करा, एक्स-रेसाठी कुत्रा नीट ठेवा, असली कामं. कुत्रे अर्थातच खेळण्यातले. लेकीचा मोठा टेडी त्या वसंतात सतत बँडेजमध्ये होता, आणि लेक स्टॉपवॉच धरून परीक्षक व्हायची, "आई, मधली दोन बोटं उघडी ठेवली नाहीस" असं सांगायची, कारण बोटं दिसली तरच सूज आणि गारठा कळतो. माझी टीप: गुणांची यादी पाठ करण्यापेक्षा हात चालू असताना मोठ्याने बोलायची सवय लावा, "आता मी ऑक्सिजन सिलेंडर तपासतेय, आता व्हॉल्व्ह उघडा आहे ना बघतेय". आपल्याला काम करताना बडबडायची सवय नसते आणि न बोललेलं परीक्षकाला कधी कधी दिसत नाही. माझी ओस्की मे २०२५ मध्ये झाली, निकाल जूनच्या शेवटी. वाट बघतानाचे ते आठवडे मी घरातले सगळे पडदे धुवून काढले.

निकालानंतर लगेच रजिस्टर होत नाही. कॉलेज आणि परीक्षा घेणारी संस्था रॉयल कॉलेजला कळवते, मग तुम्ही अर्ज करायचा, फी भरायची, आरोग्य आणि गुन्हेगारी नोंदीबद्दल जाहीर करायचं, आणि प्रतिज्ञा घ्यायची की माझ्या देखरेखीखालच्या प्राण्यांचं आरोग्य आणि कल्याण जपण्याचा माझा सतत प्रयत्न राहील. हे सगळं होईपर्यंत तुम्ही रजिस्टर्ड नाही, निकाल हातात असला तरी, आणि हिरवा गणवेश तोवर कपाटात. आता दर वर्षी फी आणि वर्षाला पंधरा तासांचं पुढचं शिक्षण नोंदवावं लागतं.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी: आपल्याकडे १८८६ पासून परळला व्हेटर्नरी कॉलेज आहे, नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ आहे, पण १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली किरकोळ उपचार करणाऱ्यांची जी तरतूद आहे ती मुख्यतः पशुधन पर्यवेक्षकांसारख्यांसाठी, गाई-म्हशी डोळ्यांसमोर ठेवून केलेली. पुण्या-मुंबईच्या पेट क्लिनिकमधली मुलं-मुली हाताखाली शिकूनच तयार होतात, आणि त्यातले काही किती कुशल असतात ते मी गेल्या सुट्टीत पुण्यात बघितलं. त्यांच्यासाठीही नीट शिक्षण आणि रजिस्टर व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण दर पाच मिनिटांनी नाडी लिहिणारं कुणीतरी प्रत्येक टेबलाशी असायलाच हवं. मामेबहिणीला मी सांगितलंय की आधी सहा महिने एखाद्या क्लिनिकमध्ये काम करून बघ, मग इथल्या डिग्री कोर्सचा आणि व्हिसाचा विचार कर.

पुढच्या महिन्यात माझं क्लिनिकल कोचचं प्रशिक्षण सुरू होतंय, आणि जानेवारीत आमच्याकडे नवीन विद्यार्थिनी येणार आहे. हेड नर्सकडे मी तिच्यासाठी दर गुरुवारी दुपारचे दोन तास लॉगसाठी मागून घेतलेत, रोस्टरवर लिहून.